दुसऱ्याच्या काचा

गेल्या स्नेहसंमेलनात आपल्या मंडळाने छायाचित्रांचं छोटंसं प्रदर्शन भरवलं होतं, ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. त्यात माझाही एक फोटो होता. पावसाचं साचलेलं पाणी आणि त्यात उलटा दिसणारा राजवाडा. पुष्कळांनी कौतुक केलं आणि मीही ते खुशाल घेतलं. संध्याकाळी प्रथम वर्षाच्या एका मुलाने मला बाजूला घेऊन हळूच आपला मोबाइल दाखवला. त्यात अगदी तसाच फोटो होता. तीच जागा, तोच कोन, पाण्याचं तसंच डबकं. काढणारा मात्र दुसराच कुणीतरी. तो फोटो मी आधी पाहिलेला होता. पाहिला होता म्हणूनच तिथे जाऊन गुडघे टेकून बसलो होतो. फक्त हे कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या मुलाने गाजावाजा केला नाही, हा त्याचा चांगुलपणा. मला मात्र चोरी पकडली गेल्यासारखं वाटलं आणि पुढचे दोन महिने मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. मित्रांचा सल्ला असा, की दुसऱ्यांचे फोटो बघणंच बंद कर, म्हणजे आपोआप तुझं स्वतःचं काहीतरी सुचेल. मी तेही करून पाहिलं. काही सुचलं नाही. डोळ्यांसमोर पुन्हा तेच डबकं येई.

त्या दिवसांत ग्रंथालयात आमच्या मॅडमनी एक नाव सुचवलं आणि मी वाचायला लागलो. ते नाव बेरेनिस ॲबट. अमेरिकन छायाचित्रकार. त्यांना जाऊन आता तीस वर्षांहून जास्त काळ झाला. जगभरच्या छायाचित्रणाच्या इतिहासात त्यांचं नाव येतंच, पण माझ्या प्रश्नासाठी त्या अगदी नेमक्या व्यक्ती निघाल्या. कारण दुसऱ्या एका माणसाचं काम त्यांनी जेवढं पाहिलं, हाताळलं आणि सांभाळलं, तेवढं फार थोड्यांनी केलं असेल. आणि तरीही त्यांचे फोटो त्या माणसाचे वाटत नाहीत. हे कसं काय जमलं, ते शोधता शोधता त्यांचं सगळं आयुष्यच वाचून झालं. तेच इथे सांगतो.

ॲबटबाईंचा जन्म १७ जुलै १८९८ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात स्प्रिंगफील्ड या गावी झाला. आईवडील विभक्त झालेले, त्यामुळे बालपण एकटं आणि फारसं सुखाचं नव्हतं. विद्यापीठात नाव घातलं खरं, पण तिथे मन रमलं नाही. १९१८ च्या सुरुवातीला शिक्षण अर्धवट सोडून त्या न्यूयॉर्कला आल्या. ग्रीनिच व्हिलेज हा लेखक, चित्रकार, नाटकवाले यांचा मोहल्ला. तिथेच त्या राहू लागल्या. इन्फ्लुएंझाच्या साथीत मरता मरता वाचल्या. शिल्पकार व्हायचं मनात होतं. १९२१ मध्ये त्या पॅरिसला गेल्या. खिशात पैसे नव्हते आणि शिल्पकलेवर पोट भरेल अशी चिन्हंही नव्हती.

१९२३ मध्ये त्यांना काम मिळालं ते मॅन रे यांच्याकडे. मॅन रे हे पॅरिसमध्ये स्थायिक झालेले अमेरिकन चित्रकार आणि नावाजलेले छायाचित्रकार. न्यूयॉर्कपासूनची ओळख. त्यांना डार्करूमसाठी असा मदतनीस हवा होता, ज्याला फोटोग्राफीतलं काहीच येत नाही, म्हणजे आपल्या पद्धतीने शिकवता येईल. ॲबटबाईंना खरंच काही येत नव्हतं. त्यामुळे नोकरी मिळाली.

डार्करूममधलं काम म्हणजे दुसऱ्याने काढलेल्या निगेटिव्हवरून दिवसभर छपाई करायची. कागदावर किती वेळ प्रकाश पडू द्यायचा, चेहऱ्याचा कोणता भाग उजळायचा, कोणता दाबायचा, हे सगळं हाताने शिकायचं. बाईंचा हात लवकर बसला. पुढे दुपारच्या सुट्टीत मॅन रे यांचाच स्टुडिओ वापरून ओळखीच्यांचे फोटो काढायची मुभाही त्यांना मिळाली. हळूहळू गिऱ्हाइकं मॅन रे यांच्याऐवजी ॲबटबाईंनाच मागू लागली. गुरू आणि मदतनीस एका छताखाली राहणं मग अवघड झालं. १९२६ मध्ये बाईंनी स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये त्यांचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन भरलं. जेम्स जॉइस, ज्यां कॉक्तो, आंद्रे जीद अशी त्या काळातली मोठी माणसं त्यांच्या कॅमेऱ्यासमोर बसून गेली.

इथपर्यंतची गोष्ट तशी नेहमीची आहे. शिष्य गुरूकडे शिकतो आणि बाहेर पडतो. पण ॲबटबाईंची खरी शाळा वेगळी होती आणि ती मॅन रे यांच्याच रस्त्यावर, थोड्या अंतरावर होती.

रू कांपान्य-प्रमिएर नावाच्या त्या रस्त्यावर एक म्हातारे गृहस्थ राहत. नाव युजेन आत्झे. जन्म १८५७ चा. लहानपणीच आईवडील गेलेले. आधी जहाजावर नोकरी केली, मग वर्षानुवर्षं फिरत्या नाटक कंपनीत किरकोळ भूमिका केल्या. तेही जमेना तेव्हा कॅमेरा हाती घेतला. दारावर पाटी लावली, तिचा अर्थ एवढाच की इथे कलावंतांसाठी कागदपत्रं, म्हणजे संदर्भाची चित्रं मिळतील. चित्रकाराला झाडाचं खोड, जिन्याचा कठडा किंवा जुना दरवाजा रंगवायचा असला तर तो आत्झेंकडून त्याचा फोटो विकत घेई. संग्रहालयं आणि ग्रंथालयंही जुन्या पॅरिसचे फोटो त्यांच्याकडून घेत. स्वतःला कलावंत म्हणवून घ्यायची त्यांना हौस नव्हती.

पॅरिस तेव्हा भराभर बदलत होतं. जुन्या गल्ल्या पाडून रुंद रस्ते झाले होते, आणखी होत होते. आत्झे पहाटे उठून लाकडी पेटीचा जड कॅमेरा, तिवई आणि काचेच्या प्लेटा घेऊन निघत. प्लेट साधारण १८ बाय २४ सेंटिमीटरची. एक्स्पोजर लांब, त्यामुळे हलणारी माणसं पुसट भुतासारखी उमटत किंवा उमटतच नसत. उंच इमारत चौकटीत बसवण्यासाठी लेन्स वर सरकवली की वरचे कोपरे काळे पडत. ते तसेच राहू देत. दुकानांच्या काचा, दारांवरच्या कड्या, चिंध्या गोळा करणाऱ्यांच्या झोपड्या, रिकाम्या बागा, पायऱ्या, अंगणं असं सुमारे तीस वर्षं चाललं. हजारो काचा जमल्या.

मॅन रे यांनी त्यांच्याकडून काही प्रती विकत घेतल्या होत्या. १९२५ मध्ये ॲबटबाईंनी त्या पाहिल्या आणि त्या हादरल्या. नुसतं छान म्हणून त्या थांबल्या नाहीत. शोधत शोधत आत्झेंच्या घरी गेल्या, जिने चढून वर पोचल्या, त्यांच्या वह्या आणि अल्बम चाळू लागल्या. पैसे असतील तेव्हा एखादी प्रत विकत घेत. पुन्हा पुन्हा जात. मॅन रे आणि त्यांच्या मित्रांना या फोटोंत स्वप्नासारखं, अजब काहीतरी दिसत होतं. त्यांच्या मासिकात आत्झेंचे काही फोटो छापलेही गेले, पण आत्झेंच्या इच्छेप्रमाणे नाव न घालता. ॲबटबाईंना त्यात वेगळंच दिसलं. एक माणूस कॅमेरा घेऊन वस्तूसमोर सरळ उभा राहतो आणि जे आहे ते आहे तसं दाखवतो. आपण किती हुशार आहोत हे दाखवायला तो मध्ये येत नाही.

इथे मी वाचता वाचता थांबलो. एकच फोटो दोन माणसं पाहतात आणि दोन वेगळ्या गोष्टी उचलतात. मी त्या डबक्याच्या फोटोतून काय उचललं होतं? फक्त डबकं. त्या फोटोग्राफरने राजवाडा उलटा का दाखवला असेल, हा विचार माझ्या मनातही आला नव्हता.

१९२७ मध्ये ॲबटबाईंनी आत्झेंना आपल्या स्टुडिओत बोलावलं. रोजच्या कामाच्या जुन्या कपड्यांत ते येतील अशी बाईंची अपेक्षा होती, तर गृहस्थ चांगला ओव्हरकोट घालून आले. समोरून आणि बाजूने असे काही फोटो बाईंनी काढले. थकलेला, किंचित वाकलेला सत्तरीतला माणूस. जन्मभराची सोबतीण आदल्याच वर्षी वारलेली. फोटो तयार करून बाई ते दाखवायला गेल्या, तेव्हा कळलं की आत्झे गेले. ४ ऑगस्ट १९२७.

आता प्रश्न असा, की त्या काचांचं काय होणार? आत्झेंना मूलबाळ नव्हतं. काही हजार काचा आधीच सरकारी संग्रहांत गेल्या होत्या किंवा जायच्या होत्या. उरलेला साठा त्यांचे जुने नाटकवाले मित्र आंद्रे काल्मेत यांच्या ताब्यात आला. ॲबटबाईंनी त्यांना गाठलं, पत्रं लिहिली, महिनोन्‌महिने पाठपुरावा केला. वय तीसच्या आत, परदेशी बाई, बँकेत शिल्लक नाही. पण १९२८ मध्ये त्यांनी हजाराहून जास्त काचा आणि हजारो छापील प्रती विकत घेतल्या. पुढे ज्युलियन लेव्ही नावाच्या अमेरिकन कलाविक्रेत्याने पैशांची मदत करून त्या संग्रहात अर्धा हिस्सा घेतला.

काच म्हणजे किती नाजूक हे आपल्याला माहीत आहेच. एक पेटी हातातून सुटली तर एक गल्ली कायमची गेली. अशा हजारावर काचा त्यांनी पॅरिसहून अमेरिकेला नेल्या आणि पुढची चाळीस वर्षं बाळगल्या.

१९२९ च्या सुरुवातीला ॲबटबाई न्यूयॉर्कला आल्या त्या खरं तर थोड्या दिवसांसाठी, आत्झेंच्या पुस्तकाला प्रकाशक शोधायला. आठ वर्षांनी त्या हे शहर पाहत होत्या. जुनी घरं पाडून गगनचुंबी इमारती उठत होत्या. एका बाजूला घोडागाडी, दुसऱ्या बाजूला लोखंडी सांगाडा. पॅरिसमध्ये आत्झेंचे फोटो पाहून तयार झालेल्या डोळ्यांना हे लगेच दिसलं. त्यांनी पॅरिसचा चालता स्टुडिओ बंद केला, बस्तान उचललं आणि न्यूयॉर्कला कायमच्या आल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस शेअर बाजार कोसळला आणि मंदी सुरू झाली. फोटो काढून घ्यायला पैसेवाली गिऱ्हाइकं मिळेनात.

सुरुवातीला त्या हातात मावेल असा कॅमेरा घेऊन शहरभर फिरल्या. काढलेली छोटी छोटी चित्रं त्यांनी वहीत चिकटवून ठेवली. लेखक टिपणवही ठेवतो ना, तसं. पोटापाण्याची कामं करून आठवड्यातला एक दिवस, बुधवार, त्यांनी न्यूयॉर्कसाठी राखून ठेवला होता. काही काळाने छोटा कॅमेरा ठेवून त्यांनी ८ बाय १० इंचाच्या निगेटिव्हचा मोठा पेटीचा कॅमेरा घेतला. म्हणजे पुन्हा तिवई, पुन्हा काळं फडकं, पुन्हा आत्झेंसारखंच ओझं.

मग हे अनुकरण नाही का? मी दोघांचे फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले. तुम्हीही पाहा, कॉलेजच्या संगणकावर सहज मिळतात. आत्झेंचं पॅरिसमधलं दुकान घ्या, बाहेर टांगलेल्या कंबरपट्ट्यांच्या ओळी असलेलं, १९१२ चं. आणि ॲबटबाईंचं बावरी रस्त्यावरचं हार्डवेअरचं दुकान घ्या, १९३८ चं. कढया, दोऱ्या, अवजारं, किमतींच्या पाट्या, सगळं फुटपाथपर्यंत सांडलेलं. दोघांनी दुकान समोरून घेतलंय. दोघांनी माल नीट मोजता येईल असा दाखवलाय. इथपर्यंत सारखं. पण आत्झेंच्या फोटोत पहाटेची शांतता आहे, गोष्टी हळूहळू विरत चाललेल्या आहेत. ॲबटबाईंच्या फोटोत विरणं नाही, टक्कर आहे. जुन्या बुटक्या घराच्या मागे नवी इमारत उभी ठाकलेली. लोखंडी पुलावरून जाणाऱ्या रेल्वेखाली रस्त्यावर उन्हा-सावलीच्या पट्ट्यांची जाळी. आत्झे बहुधा जमिनीवर उभे राहिले. बाई पार छतांवर चढल्या, वरून खाली पाहिलं, कधी खालून मान मोडेल इतकं वर पाहिलं. कारण त्यांचं शहरच उभं वाढत होतं. पॅरिसचा कोन न्यूयॉर्कला लावून चाललाच नसता.

म्हणजे बाईंनी आत्झेंचा कोन घेतला नाही, त्यांचं काम घेतलं. शहर बदलतंय तर कुणीतरी रोज उठून, ओझं वाहून, त्याची नोंद ठेवली पाहिजे, हे काम. ते कसं करायचं हे मात्र न्यूयॉर्कने त्यांना शिकवलं.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे रात्रीच्या न्यूयॉर्कचा त्यांचा प्रसिद्ध फोटो. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीचा. एम्पायर स्टेट बिल्डिंगमधून खाली दिसणाऱ्या, दिव्यांनी भरलेल्या हजारो खिडक्या. तुम्ही तो पाहिलेला असणार, फक्त कुणाचा हे माहीत नसेल. हा फोटो नुसता कॅमेरा रोखून निघणारा नव्हता. त्या काळच्या फिल्मवर एवढ्या अंधारात पंधरा मिनिटांचं एक्स्पोजर लागणार होतं. कचेऱ्या पाचला सुटत आणि दिवे बंद होत. म्हणजे पाचच्या आत पुरता अंधार पडलेला हवा. असं वर्षातून थोडेच दिवस घडतं, डिसेंबरात, दिवस सगळ्यात लहान असतो तेव्हा. बाईंनी ते दिवस हेरले. वाऱ्याने कॅमेरा हलू नये म्हणून आतल्या खिडकीतून फोटो घ्यायचं ठरवलं. एकच निगेटिव्ह शक्य होतं, दुसऱ्यासाठी उजेडच उरला नसता. तेही साधलं. असा फोटो आत्झेंच्या साठ्यात एकही नाही. पण एका चौकटीसाठी इतकी वाट पाहण्याची चिकाटी कुठून आली हे सांगायला नको.

न्यूयॉर्कच्या या कामासाठी बाईंनी संग्रहालयांकडे, संस्थांकडे पैसे मागितले. मंदीत कुणी दिले नाहीत. अखेर १९३५ मध्ये सरकारच्या फेडरल आर्ट प्रोजेक्टमध्ये त्यांना काम मिळालं. बेकार कलावंतांना पगार देणारी ही योजना. पगार, मदतनीस आणि माहिती गोळा करणारी माणसं मिळाली. १९३९ पर्यंत त्यांनी तीनशेहून जास्त निवडक छायाचित्रं तयार केली. बहुतेक फोटोंच्या नावातच रस्ता, घर क्रमांक आणि तारीख आहे. ब्लीकर स्ट्रीटवरचं पावाचं दुकान, हेस्टर स्ट्रीटवरचं कोंबड्यांचं दुकान, पेन्सिल्व्हेनिया स्टेशनचं काचेचं छत. ते भव्य स्टेशन १९६३ पासून पाडण्यात आलं. आता त्याची आतली शोभा पाहायची तर बाईंच्या फोटोंत पाहावी लागते.

याच काळात कलासमीक्षक एलिझाबेथ मॅककॉसलँड त्यांच्या सोबतीण झाल्या. दोघी तीस वर्षं एकत्र राहिल्या. १९३९ मध्ये चेंजिंग न्यूयॉर्क हे पुस्तक आलं. ९७ फोटो बाईंचे, मजकूर एलिझाबेथ यांचा. त्याच वर्षी न्यूयॉर्कला जागतिक प्रदर्शन भरत होतं. प्रकाशकाला पाहुण्यांच्या हाती देण्याजोगं मार्गदर्शक पुस्तक हवं होतं. त्यामुळे एलिझाबेथ यांनी कष्टाने लिहिलेला मजकूर बराच कापला गेला. दोघींच्या मनातलं पुस्तक छापलं गेलंच नाही. तरी जे छापलं गेलं ते आजही पाहिलं जातं.

दुसऱ्याचं काम पाहून ते सांभाळायची बाईंची सवय आत्झेंपुरती नव्हती. लुईस हाइन हे गिरण्यांत, खाणींत राबणाऱ्या मुलांचे फोटो काढणारे छायाचित्रकार. त्यांच्या फोटोंनी अमेरिकेत बालमजुरीविरुद्धच्या चळवळीला बळ दिलं होतं. पण १९३० चं दशक संपता संपता त्यांना काम मिळेना, लोक विसरले होते. ॲबटबाई आणि एलिझाबेथ यांनी त्यांची भेट घेतली, खटपट केली आणि १९३९ मध्ये न्यूयॉर्कला हाइन यांच्या जन्मभराच्या कामाचं प्रदर्शन भरलं. पुढच्याच वर्षी हाइन वारले.

पुढे बाई पुन्हा वेगळ्याच वाटेला लागल्या. विज्ञान सामान्य माणसाला समजावून सांगायला फोटोग्राफीसारखं साधन नाही, असं त्यांना वाटू लागलं. जवळजवळ वीस वर्षं याकडे कुणी लक्ष दिलं नाही. त्या काळात त्या विद्यार्थ्यांना शिकवत होत्या आणि स्वतःची उपकरणं बनवत होत्या. १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेला शाळांमधलं विज्ञान सुधारायची घाई झाली. एमआयटी या संस्थेत भौतिकशास्त्राचा नवा अभ्यासक्रम तयार होत होता. साठीला आलेल्या ॲबटबाईंना तिथे काम मिळालं. उड्या मारत जाणारा चेंडू, प्रत्येक उडी आधीपेक्षा बुटकी, सगळ्या एकाच फोटोत. पाण्यावरच्या लाटा एकमेकींत मिसळताना. मी विज्ञान शाखेचा नाही, पण तो चेंडूचा फोटो पाहून मला जे कळलं ते बारावीत कळलं नव्हतं. तोच सरळपणा, जो त्यांनी पॅरिसच्या एका म्हाताऱ्याच्या अल्बममध्ये पाहिला होता, इथे चेंडूला लागू झाला.

या सगळ्याची किंमतही त्यांनी दिली. आत्झेंच्या काचा पेट्यांत घालून घरोघर न्यायच्या, त्यांवरून स्वतः छपाई करायची, लेख लिहायचे, प्रकाशकांच्या पायऱ्या झिजवायच्या. १९३० मध्ये आत्झेंचं पहिलं पुस्तक आलं ते बाईंच्या खटपटीने. १९५६ मध्ये त्यांनी आत्झेंच्या काचांवरून स्वतः छापलेला वीस फोटोंचा संच काढला. १९६४ मध्ये आणखी एक मोठं पुस्तक केलं. स्वतःला पैशांची चणचण असताना हे चाललं होतं. त्यात आणखी एक तोटा असा, की लोक त्यांना आत्झेंना शोधून काढणारी बाई म्हणून ओळखू लागले आणि त्यांचं स्वतःचं काम मागे पडलं. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने तो सगळा संग्रह विकत घेतला. चाळीस वर्षांनी बाईंच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. १९७० मध्ये त्याच संग्रहालयाने ॲबटबाईंच्या स्वतःच्या फोटोंचं प्रदर्शन भरवलं. तोवर त्या शहर सोडून दूर उत्तरेला मेन राज्यातल्या खेड्यात राहायला गेल्या होत्या. ९ डिसेंबर १९९१ रोजी तिथेच त्या वारल्या. वय ९३.

हे सगळं वाचून झाल्यावर मला बरं वाटायला हवं होतं. पण एक गोष्ट बोचत राहिली.

राजवाड्याच्या मागच्या एका गल्लीत माझ्या मामांचं जुनं घर आहे. तीन मजली, लाकडी सज्जाचं. पणजोबांच्या वेळचं. मी ज्या पावसाळ्यात डबक्यापाशी बसून तो उसना फोटो काढत होतो, त्याच्या पुढच्याच महिन्यात रस्ता रुंदीकरणात त्या घराचा पुढचा भाग कापला गेला. सज्जा गेला, ओसरी गेली, खालची बैठकीची खोली गेली. त्या सज्जाचा माझ्याकडे एकही फोटो नाही. लहानपणापासून तिथे बसून पतंग उडवले, पण तो फोटो काढण्यासारखा आहे असं मला कधी वाटलंच नाही. तशा सज्जाचा फोटो कुणा नावाजलेल्या माणसाने काढलेला मी पाहिला नव्हता ना! मामी अजून विचारते, की तुझ्याकडे कॅमेरा होता, एखादा तरी काढला असशील. मला मान खाली घालावी लागते.

म्हणून दुसऱ्यांचे फोटो बघू नका, हा सल्ला आता मला पटत नाही. उलट मी फार कमी पाहिलं होतं आणि जे पाहिलं ते अंगठ्याने वर सरकवत पाहिलं होतं. आत्झे जर मी आधी नीट पाहिले असते, तर मामांच्या सज्जासमोर तिवई लावून उभा राहिलो असतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुन्हा कॅमेरा काढला. घराचा जो भाग उरलाय त्यासमोर रस्त्याच्या पलीकडे सकाळी सातला उभा राहिलो. पुढची भिंतच नसल्यामुळे आतली खोली उघडी पडलीय. भिंतीतला कोनाडा, त्याच्या वर दिव्याची काजळी, निळ्या रंगाचे थर, जिन्याच्या अर्ध्या पायऱ्या. कोन तिरका करायचा मोह झाला. केला नाही. सरळ समोरून घेतला, सगळं मोजता येईल असा. मागच्या बाजूला नवी व्यापारी इमारत दिसतेय, तीही कापली नाही. घरी येऊन प्रिंट काढली आणि तिच्या पाठीवर गल्लीचं नाव, घर क्रमांक, तारीख आणि वेळ लिहिली. फोटो काही फार ग्रेट नाही. मामींनी तो देवघरात ठेवलाय.

शेवटी मंडळाच्या सभासदांना एक विनंती. आपलं इंदूर फोटोग्राफीच्या इतिहासात लहान गाव नाही. लाला दीनदयाळ इथल्याच बांधकाम खात्यात नोकरीला होते आणि कॅमेरा त्यांनी इथेच हाती घेतला. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे छायाचित्रकार झाले. त्यांचे मध्य भारतातल्या जुन्या वास्तूंचे फोटो आज पाहायला मिळतात. महिन्यातून एकदा आपण ग्रंथालयात बसून एकाच छायाचित्रकाराचे दहा फोटो, फक्त दहा, तासभर पाहूया. काय घ्यायचं आणि काय त्याचं त्यालाच ठेवू द्यायचं, हे बोलूया. आणि रविवारी सकाळी जुन्या गल्ल्यांत जाऊया. ज्याने मला मोबाइल दाखवला होता तो मुलगा यायला तयार आहे. ज्या घरांवर रुंदीकरणाच्या खुणा पडल्यात त्यांची यादी त्याने करायलाही घेतली आहे. आतापर्यंत त्यात अकरा घरं आहेत.